नऊ पटींनी जवळ

आइतांना जन्मात एकदा मोठ्या शिंगांचा रानमेंढा मारायचा होता. आयडाहोत त्याचा परवाना सोडतीत निघतो, आणि एकदा शिकार साधली की त्या माणसाला पुन्हा कधी मिळत नाही. दर वर्षी ते अर्ज टाकायचे आणि दर वर्षी नकार यायचा. अखेर नाव लागलं तेव्हा त्यांनी सत्तरी ओलांडली होती, दोन्ही डोळ्यांतले मोतीबिंदू काढून झाले होते आणि गुडघे जिना उतरतानासुद्धा कुरकुरत होते.

आम्ही बास्क लोक बापाला आइता म्हणतो. माझे आइता, माटियास उर्किडी, मिसरूड फुटायच्या आधी इथे मेंढ्या राखायला आले आणि त्याच डोंगरांत म्हातारे झाले. त्यांची रायफल होती अक्रोडाच्या दस्त्याची, बारीक नळीची, आणि इतकी हलकी की दिवसभर एका हातात धरून चाललं तरी खांदा बोलत नसे. तिच्यावरचा जुना स्कोप, म्हणजे नेम धरायची दुर्बीण, मात्र आतून दुधाळला होता. त्यातून पाहिलं की कायम धुकं पडल्यासारखं दिसायचं.

म्हणून त्या उन्हाळ्यात आम्ही तिघं, म्हणजे आइता, माझा धाकटा भाऊ बेन्यात आणि मी, डेलमारच्या दुकानात उभे होतो. बेन्यातने आधीच एक स्कोप काउंटरवर काढून ठेवला होता. तो मनगटाएवढा जाड, पुढची काच बशीएवढी.

"हा घ्या आइता. बारा पट मोठं दिसतं. एडक्याच्या पापण्या मोजाल."

आइतांनी तो रायफलीवर धरून पाहिला. रायफलीचा तोल गेला आणि ती हातात एका बाजूला कलंडली.

"पापण्या मोजून काय करू? त्याच्याशी लग्न लावायचंय का?" ते म्हणाले. "आणि हा इतका उंच बसतो की गाल दस्त्याला टेकतच नाही. डेलमार, मला साधा चार पटींचा दे. होता तसा."

"तुमचे डोळे आता होते तसे नाहीत," बेन्यात म्हणाला.

"डोळे माझे आहेत की तुझे?"

डेलमार आइतांचा जुना मित्र. तो दोघांच्या मध्ये पडला नाही. त्याने माझ्याकडे पाहिलं. "नेकाने, तूच सांग बाई. मला दुपारी जेवायला घरी जायचंय."

मी मधला उचलला. तीनपासून नऊ पटींपर्यंत फिरणारा, सडपातळ, पुढची काच छोटी. नळीला चिकटून खाली बसणारा. डोळा थोडा पुढेमागे झाला तरी चित्र नाहीसं होत नव्हतं, आणि जाड चष्म्याच्या माणसाला तेच हवं होतं. रायफल हातात पूर्वीसारखीच राहिली. बेन्यात म्हणाला, दमडीचा उपयोग नाही याचा. आइता म्हणाले, ना धड माझं ऐकलंस ना धड त्याचं. पण खडीच्या खाणीत जाऊन त्यांनी तो नेम धरून लावला तेव्हा तिन्ही गोळ्या कॉफीच्या कपाच्या बुडाखाली झाकतील एवढ्या जवळ पडल्या. घरी येताना ते गाडीत शीळ घालत होते.

सप्टेंबर सरता सरता छोट्या विमानाने आम्हाला सॅमन नदीच्या खोऱ्यात एका गवताळ पट्टीवर सोडलं. पट्टीशेजारी एक एकटं कुरण आणि तिथल्या घरात रेडिओ. त्यापलीकडे माणूस नाही. आम्ही ओढ्याच्या काठाकाठाने वर चढत गेलो, मुक्काम टाकला, पुन्हा चढलो. आइता मेंढपाळाच्या काठीवर भार टाकून चालत. चढावर त्यांची रायफल मी घेत असे.

तिसऱ्या सकाळी एडके दिसले. समोरच्या धारेवर पाच जण, त्यातल्या एकाची शिंगं वळून गालाच्याही पुढे आलेली. आइतांनी दुर्बीण डोळ्यांवरून काढली.

"तोच," ते म्हणाले. "चला."

वाटेत एक घळ आडवी येत होती. वरच्या कड्यापासून खालच्या दरीपर्यंत सुट्या दगडांची घसरण, आणि तिच्यावरून जनावरांनी पाडलेली पुसट पाऊलवाट. अशी घळ एकेकाने ओलांडायची. आइतांनी पाठपिशवी काढून ठेवली, गळ्यात फक्त दुर्बीण ठेवली.

"मी आधी जातो. मला हलकं जायला हवं. सामान तुम्ही आणा."

"मी जाऊ का आधी?" मी विचारलं.

"परवाना कोणाच्या नावाचा आहे?"

ते सावकाश गेले. एकेक पाऊल चाचपत, काठी वरच्या अंगाला टेकवत. पलीकडच्या खडकाला त्यांनी हात लावला आणि वळून आमच्याकडे पाहिलं. मला वाटतं ते हसले.

मग वर काहीतरी सुटलं.

आधी खडखड. मग सगळी घळच हलली! दगड, माती, धूळ. पायाखालचा डोंगर खाली निघाल्यासारखा वाटला. बेन्यातने माझी कॉलर धरून मला मागे ओढलं. धूळ बसली तेव्हा पाऊलवाट नव्हती. घळीच्या जागी ओला, गुळगुळीत, उघडा कातळ होता, आणि वरून अजून चुकार दगड टप्पे घेत येत होते. पलीकडे एका अरुंद कपारीवर आइता आडवे पडले होते. हालत होते. पण उजवा पाय भलत्याच दिशेला वळलेला होता.

आम्ही हाका मारल्या. घळ इतकी रुंद की हाक जेमतेम पोचावी, आणि खाली ओढा असा गर्जत होता की तीही पोचू नये. बेन्यातने कमरेला दोर बांधला, मी तो खडकाला गुंडाळून धरला, आणि तो कातळावर उतरला. थोडा गेला असेल नसेल, एक दगड त्याच्या खांद्यावर बसला आणि तो लोंबकळला. मी त्याला कसाबसा मागे ओढला. त्याचा हात वर होत नव्हता. वर कडा होता, खाली दरी होती. वळसा घालायला जागाच नव्हती.

"मी रेडिओकडे जातो," तो म्हणाला. चेहरा पांढराफटक पडला होता. "तू इथून हलू नकोस. त्यांना कोणीतरी दिसलं पाहिजे."

"त्यांची पिशवी इथे आहे, बेन्यात. झोपायची पिशवी, खाणं, सगळं."

"माहीत आहे."

तो गेला. मी कातळाच्या काठावर बसले. नुसत्या डोळ्यांना आइता म्हणजे एक तपकिरी ठिपका होता. शुद्धीत आहेत का, रक्त जातंय का, काही कळत नव्हतं. दुर्बीण त्यांच्याच गळ्यात होती. माझ्याकडे पाहायला होता तो एकच स्कोप, आणि तो रायफलीवर.

मी गोळ्या काढल्या, नळीमागचा सरकता बोल्टसुद्धा काढून खिशात टाकला. तरी रायफल उचलवेना. ज्या माणसाने मला ती धरायला शिकवलं, त्याच्याकडेच नळी रोखायची? मी ती मांडीवर आडवी घेतली, खिशातून नाणं काढलं आणि स्कोपच्या कड्यांचे स्क्रू सोडवायला घेतले. त्याचा अर्थ मला माहीत होता. स्कोप एकदा निघाला की नेम गेला. खाणीत जाऊन पुन्हा धरल्याशिवाय त्या रायफलीने शिकार होणार नव्हती, आणि परवान्याचे दिवस संपत आले होते.

पलीकडे ठिपका हालायला लागला. हात जोरजोरात फिरत होते. मी शेवटचा स्क्रू काढला, लोकरी टोपी खडकावर ठेवली, तिच्यावर स्कोप टेकवला आणि पटींची कडी नऊवर फिरवली. आइता दिसले. दुर्बीण डोळ्यांना लावून ते माझ्याकडेच पाहत होते आणि मूठ हलवत होते. नको, नको, लाव परत. मग त्यांनी मूठ खाली टाकली आणि तोंड फिरवलं. नऊ पटींनी जवळ आलेला माझा बाप माझ्यावर रुसला होता, आणि मी त्यांना साधं पाणी पाजू शकत नव्हते.

रात्र कशी गेली ते सांगण्यासारखं नाही. सकाळी बारीक बर्फ पडायला लागलं आणि मग धुकं आलं. घळ गेली, कपार गेली. स्कोपमध्ये नुसता पांढरा गोल. मी हाका मारत राहिले. कोणाला, ते दिसत नव्हतं. हेलिकॉप्टर येणार असेल तर तेही या धुक्यात येणार नव्हतं.

दुपारकडे माझ्या मागे खुरांचा आवाज झाला. तेच पाच एडके धुक्यातून निघून माझ्या डोक्यावरच्या बांधावर उभे राहिले. मोठा अगदी जवळ होता, त्याच्या नाकातून वाफ येताना दिसत होती. या अंतरावर स्कोप नसता तरी चाललं असतं. मला त्याच्याकडे पाहायचंही त्राण नव्हतं. त्याने खालच्या घळीकडे पाहिलं, मान फिरवली आणि बाकीच्यांना घेऊन चालता झाला.

मग वारा फिरला आणि धुकं फाटलं. मी स्कोपला डोळा लावला. आइता कपारीवर बसते झाले होते. त्यांनी कोट काढला होता.

आधी मला कळलंच नाही. कोट बाजूला पडला होता आणि ते सदऱ्याची बटणं सोडवत होते. सावकाश, शांतपणे, रात्री निजण्याआधी सोडवावी तशी. मग कळलं. आमच्याकडे मेंढपाळांच्या घरात हे पोराटोरांना ठाऊक असतं. थंडी शेवटाला आली की माणसाला उकडायला लागतं. बर्फात गोठलेले गडी सापडतात ते उघडे.

मी ओरडले. ओढ्याने ते गिळलं. मी बोल्ट बसवला, गोळ्या भरल्या आणि आभाळात तीन बार काढले. ते डोंगराडोंगरांत घुमले. आइतांनी मान उचलली. हळूहळू दुर्बीण वर गेली.

आता ते मला पाहत होते. काय करू? मी माझा लाल कोट अंगातून काढला. दोन्ही हातांनी उंच धरला. मग एक बाही घातली, दुसरी घातली, गळ्यापर्यंत बटणं लावली. धावत जाऊन स्कोपमधून पाहिलं. ते तसेच बसलेले, दुर्बीण माझ्यावर. पुन्हा कोट काढला. पुन्हा दाखवला. पुन्हा घातला. बर्फ मानेत शिरत होतं, बोटं बटणं धरेनाशी झाली. काढला, घातला. काढला, घातला. मला रडू येत होतं आणि रागही येत होता. घाला ना हो, आइता. घाला ना.

कितव्यांदा ते माहीत नाही, पण एकदा स्कोपमध्ये पाहिलं तर त्यांच्या हातात कोट होता. तो त्यांनी माझ्यासारखाच उंच धरला. मग एक बाही. खूप वेळ दुसरी सापडेना. मग तीही. मी इकडे नाचायचीच बाकी होते. अंधार पडेपर्यंत मी त्यांना सोडलं नाही. हात चोळून दाखवले, काखेत घालून दाखवले, आणि थोड्या वेळाने पलीकडे तेच होई. त्यापलीकडे माझ्या हातात काही नव्हतं.

पुढची सकाळ निळी उजाडली. उन्हं कपारीवर पोचायच्या आधी मी स्कोप लावला. आइता खडकाला टेकून बसले होते, मान छातीवर, कोट अंगात. हालचाल नव्हती. मी बार काढला. मान वर झाली नाही. दुसरा काढला. नाही. मग गोळ्या संपल्या.

हेलिकॉप्टर ऊन वर आल्यावर आलं. दोरावरून एक माणूस कपारीवर उतरला आणि त्यांच्यावर ओणवा झाला. त्याच्या पाठीमुळे मला काही दिसेना. तो बराच वेळ तसाच होता. मग त्याने घोंगडी उलगडली आणि त्यांच्यावर घातली. तोंडावरून घातली की हनुवटीपर्यंत? माझ्या श्वासाने काचेवर वाफ धरली. मी बाहीने पुसेपर्यंत स्ट्रेचर हवेत होतं, गुंडाळलेलं, आणि खालून मला फक्त स्ट्रेचरचा तळ दिसत होता. हेलिकॉप्टर धारेपलीकडे गेलं. ओढा तेवढा गर्जत राहिला.

मी तिथेच बसून राहिले. कपारीवर काठी पडलेली दिसत होती. उठून सामान बांधावं एवढंही सुचत नव्हतं.

दुपार कलल्यावर हेलिकॉप्टर पुन्हा आलं आणि आम्ही आलो त्या बाजूच्या गवताळ सपाटीवर टेकलं. त्यातून एक माणूस उतरून माझ्याकडे यायला लागला. मी स्कोप लावला. बेन्यात. हात गळ्यात बांधलेला. तो धावत नव्हता. चांगली बातमी असेल तर माणूस धावतो. मी स्कोप खाली ठेवला आणि तो येईपर्यंत जमिनीकडे पाहत राहिले.

"जिवंत आहेत," तो म्हणाला, आणि माझ्याशेजारी बसून बूट सोडायला लागला. त्याच्या टाचा सोलवटून रक्ताळल्या होत्या. "पायाची दोन-तीन बोटं जातील म्हणतात. पण आहेत."

मी स्कोप उचलून टोपीत गुंडाळला.

"तुझ्यासाठीच परत आलोय," तो म्हणाला. "आइता ऐकायलाच तयार नव्हते. म्हणे मला राहू द्या, आधी पोरीला आणा. तिला थंडीने भ्रम झालाय. भर बर्फात कोट काढत होती."

"काय?"

"म्हणे, मी किती वेळा माझा कोट घालून दाखवला तिला, तेव्हा कुठे तिने घातला." बेन्यातने माझ्याकडे निरखून पाहिलं. "खरंच काढला होतास?"

"हो," मी म्हणाले. "काढला होता."