पुढच्या चाकामागे

झोपायचं नाही म्हणता पोरांनो, तर ऐका. आधीच सांगतो, मी पडलो पदार्थविज्ञानाचा माणूस, भुतं मानत नाही. निदान दिवसा तरी. ही हकिकत माझ्या मित्राची. औषधांच्या दुकानात उभा जन्म गेला, म्हणून सगळे त्याला कंपाउंडर म्हणतात. चौपन्न वर्षांचा. थाप मारायची तर आधी यालाच घाम फुटतो.

बावीस एप्रिल, मंगळवार. दुपारी त्याच्या धाकट्या बहिणीचा फोन आला. ती धरणापलीकडच्या गावात, बासष्ट किलोमीटरवर राहते.

"दादा, इन्सुलिन संपलंय. सकाळचंही घेतलं नाही. इथल्या दुकानात नाही म्हणतात."

आवाज जड येत होता. त्या दिवशी गाड्यांचा संप. कंपाउंडरनं दोन कुप्या बर्फाच्या थर्मासात ठेवल्या आणि सायकल काढली.

बायको दारात उभी. "पन्नाशी उलटली तरी हौस फिटत नाही तुमची."

"हौस कुठली? औषध आहे."

"मग वाटेत डोंगर बघत बसू नका."

बसला. खिंड चढून वर आला, तर खाली धरणाचं पाणी पसरलेलं, पलीकडे निळे डोंगर एकामागे एक, कापणी झालेल्या शेतांवर तिरपं ऊन. दोन मिनिटं म्हणून टेकला. पाऊण तास गेला.

"काका, बहीण तिकडे आजारी आणि हा..."

हो रे. हे सांगताना त्याची मान वर होत नव्हती.

खाली उतरला तेव्हा सात वाजून दहा मिनिटं झाली होती. अंधार पडू लागलेला. अजून एकवीस किलोमीटर, आणि समोरून वारा असा की पायडल हलेना. छातीत धाप. बहिणीला फोन लावला. वाजला, कोणी उचलला नाही.

तेवढ्यात पुढे एक लाल दिवा दिसला. सायकलवाला. एकटाच, हँडलवर वाकलेला, एका लयीत चाललेला.

आता सायकलवाल्यांची एक रीत असते. वारा समोरून असला की पुढच्याच्या चाकामागे वीतभर अंतरावर चाक ठेवायचं. वारा पुढचा खातो, मागच्याला आराम. पुढचा दमला की कोपर हलवतो, बाजूला होतो, मग मागच्यानं पुढे यायचं. आळीपाळीनं. आणि मागच्यानं रस्ता बघायचा नसतो. डोळे पुढच्या चाकावर. विश्वास ठेवायचा.

कंपाउंडरनं ठेवला. वारा एकदम थांबला. पाय हलके झाले.

"उपकार झाले, दादा," तो म्हणाला.

पुढचा त्याच लयीत पायडल मारत राहिला.

दहा मिनिटं गेली. वीस गेली. पुढचा कोपर हलवेना. एवढ्या वाऱ्यात एवढा वेळ कोणी पुढे राहत नाही. राहूच शकत नाही. कंपाउंडरनं कान दिला. स्वतःचा श्वास ऐकू आला. पुढच्याचा... नाही.

"दादा, दमला असाल. मी येतो पुढे."

लाल दिवा होता तिथेच, वीतभर पुढे.

रस्ता खडबडीत झाला होता. उतार लागला होता. खिंडीनंतर या वाटेवर कुठे उतार नाही, हे त्याला माहीत होतं. पण डोळे चाकावरून निघेनात.

मग पुढच्यानं कोपर हलवलं.

एकदा.

आणि बाजूला झाला.

कंपाउंडर पुढे आला. त्याच्या दिव्याचा उजेड पहिल्यांदा मोकळा पडला. समोर पाणी. काळं, सपाट. धरण झालं तेव्हा बुडालेला जुना रस्ता तो, सरळ पाण्यात उतरलेला. दोन्ही ब्रेक दाबले. सायकल फरफटत गेली, पाण्यापासून हातभर अंतरावर थांबली.

मागे चाकाची टकटक येत राहिली. हळू... आणखी हळू... अगदी पाठीशी थांबली.

"चला," कानाजवळ आवाज आला. "आता तुम्ही पुढे."

त्यानं ब्रेक आणखी घट्ट आवळले.

"चला."

पाठीला थंड काहीतरी टेकलं. रेटू लागलं. पाय घसरू लागले. त्यानं थर्मास छातीशी धरला, सायकल कलती केली आणि कडेच्या काटेरी झुडपांत स्वतःला झोकून दिलं. सायकल ओढत, रांगत, वरच्या नव्या रस्त्यावर आला. मागे वळून पाहिलं नाही...

नऊ चाळीसला बहिणीच्या दारात. ती भिंतीला धरून उभी होती, पण उभी होती. सुई टोचून घेतली, घटकाभर डोळे मिटले, मग त्याच्याकडे नीट पाहिलं.

"दादा, पाऊस कुठे लागला तुला?"

चेहऱ्यावर, छातीवर चिखलाचे शिंतोडे. ओल्या रस्त्यावर पुढच्या चाकातून मागच्याच्या अंगावर उडतात, तसे. दोन महिन्यांत पावसाचा थेंब नव्हता. पाण्याला तर त्याचं चाकही लागलं नव्हतं.

तिनं त्याचा सदरा दोनदा धुतला. डाग गेले नाहीत. तसाच वाळत घातला, उन्हात.

परवा, बारा मेला, मी तिच्याकडे गेलो होतो. सदरा अजून दोरीवर होता. मी चिखलाला बोट लावून पाहिलं.

ओला होता.