काचेखालचं ट्रफल

पिएरीना सोल्दाती खुर्चीच्या अगदी कडेला बसली. पिशवी तिने मांडीवर दोन्ही हातांनी धरून ठेवली होती.

"मी चोर नाही, एवढं सिद्ध करून द्या," ती म्हणाली.

समोर तोरिनोतली खासगी गुप्तहेर देल्फीना रोवेरो बसली होती. शेजारी तिचा दीर बाझिलिओ. औषधाचं दुकान विकल्यापासून तो वहिनीच्या कामात लुडबुड करायचा.

पिएरीनाने छत्तीस वर्षं आस्तीच्या टपाल कचेरीत पत्रं वेगळी केली होती. आल्बाजवळच्या 'ओर्सोला' या नामांकित रेस्तराँत एकदा तरी सात पदार्थांचं शाही जेवण जेवायचं, ही तिची जुनी हौस. बहीण अंथरुणाला खिळलेली, म्हणून ती एकटीच गेली. एकटीला स्वयंपाकघराच्या दाराजवळचं टेबल मिळालं. तिथेच काचेच्या झाकणाखाली मोसमातलं सर्वांत मोठं पांढरं ट्रफल, म्हणजे जमिनीखाली वाढणारी, सोन्याच्या भावाची सुगंधी अळंबी, मांडलं होतं.

सुरुवातीला मालकीण ओर्नेल्लाने कौतुकाने काच उचलून तिला वास घ्यायला सांगितलं.

"मला तर अमोनियासारखा वास आला," पिएरीना म्हणाली. "पण आपल्याला काय कळतं? मी 'अप्रतिम' म्हणाले. बाईंनीही वाकून हुंगलं. मग काच पुसून आणते म्हणत बशीसकट आत गेल्या, आणि वर रुमाल टाकून परत ठेवून गेल्या."

चौथा पदार्थ तर खारट लागला होता. मोठ्या ठिकाणी अशीच चव असेल, असं समजून तिने तोही संपवला. पाचव्याच्या वेळी वेटर तांक्रेदीने रुमाल काढला. बशी रिकामी होती.

बाकीच्या टेबलांवर सोबती होते, साक्षीदार होते. तांक्रेदीने पिएरीनाकडे बोट दाखवलं आणि ओर्नेल्लाने भरल्या दालनात तिची पिशवी उघडली. ट्रफल नव्हतं. कागदी रुमालात गुंडाळलेल्या दोन बदामी वड्या निघाल्या.

"बहिणीसाठी घेतल्या होत्या, माझ्याच ताटलीतल्या," ती खाली बघत म्हणाली. "पण लोक हसले."

दुसऱ्या दिवशी देल्फीना आणि बाझिलिओ 'ओर्सोला'त पोचली. तांक्रेदी अजून घुश्शात होता. त्याने सांगितलं, पूर्वी मालक आणि मुख्य आचारी सिल्वानो प्रत्येक ट्रफल स्वतः हुंगायचे आणि अर्धी टोपली परत पाठवायचे. या वर्षी व्यापारी आणेल ते ठेवून घेतात. आताशा मालकीणबाईच प्रत्येक पदार्थ चाखून बाहेर पाठवतात. त्या दिवशी मात्र गर्दीमुळे त्या दालनातच अडकल्या होत्या. आणि एवढी चोरी होऊनही त्यांनी पोलिसांना बोलावू दिलं नाही, हे त्याला अजून पटत नव्हतं.

सिल्वानो शेगडीकडे पाठ करून वडिलांच्या हाताच्या चवीबद्दल बोलत होता. मागे दूध करपलं. बाझिलिओला ठसका लागला. सिल्वानो बोलतच राहिला. शेवटी ओर्नेल्लाने दालनातून धावत येऊन पातेलं उतरवलं. देल्फीनाच्या प्रश्नांना तिचं एकच उत्तर होतं, गेलं ते गेलं.

"वहिनी, वेटरच," बाहेर आल्यावर बाझिलिओ म्हणाला. "मालकीण आपल्याच घरात कशाला चोरी करील?"

"भावोजी, तुम्हाला ठसका लागला तेव्हा सिल्वानो काय करत होते, ते आठवा," देल्फीना म्हणाली.

रविवारी दुपारी तिने पिएरीनासह सगळ्यांना स्वयंपाकघरामागच्या खोलीत बसवलं. पलीकडे दालन पाहुण्यांनी भरलं होतं.

"ओर्नेल्लाबाईंनी बशी आत नेल्यानंतर ते ट्रफल कुणीच पाहिलं नाही," देल्फीनाने सुरुवात केली. "रुमाल टाकला तेव्हाच बशी रिकामी होती. ट्रफल सडलं होतं. सोल्दातीबाईंच्या नाकाने ते बरोबर ओळखलं. प्रश्न एवढाच, की ते मांडलं कसं गेलं? ते निवडणाऱ्याला ना वास येत होता, ना चव कळत होती. म्हणून टोपली परत जात नाही. म्हणून बाई प्रत्येक पदार्थ चाखतात, आणि त्या दिवशी चाखला नाही तर तो खारट गेला. म्हणून करपलेलं दूध सगळ्यांना कळलं, सिल्वानोंना नाही."

सिल्वानोची मान खाली गेली. तो बायकोला म्हणाला, "तापातून उठलो तेव्हापासून. तुला कळलं नसेल असं वाटायचं."

"तुम्ही सांगाल म्हणून वाट बघत होते," ओर्नेल्ला म्हणाली. ट्रफल तिने कचऱ्यात टाकलं होतं. दुसरं मिळेपर्यंत वेळ काढायचा होता, पण तांक्रेदीने आधीच रुमाल उचलला. खरं सांगितलं तर नवऱ्याची अब्रू जाणार होती, म्हणून तिने एका परक्या बाईची जाऊ दिली. हे तिने स्वतःच कबूल केलं. तांक्रेदी भिंतीकडे बघत उभा राहिला.

ओर्नेल्लाने पिएरीनासमोर हात जोडून क्षमा मागितली.

पिएरीना उठली. "पिशवी तुम्ही सगळ्यांसमोर उघडलीत, बाई," ती हळू आवाजात म्हणाली. "माफी मात्र दार लावून मागताय."

मग ओर्नेल्लाने डोळे पुसले, दार उघडलं आणि ती दालनाच्या मधोमध जाऊन उभी राहिली. काट्याचमच्यांचे आवाज थांबले. ती बोलू लागली तसा सिल्वानोही एप्रन सोडून तिच्या शेजारी जाऊन उभा राहिला.

पिएरीना दारातून ऐकत होती. याच क्षणासाठी ती तोरिनोला गेली होती. पण त्या दोघांकडे तिला बघवेना. दुसऱ्याची लाज बघणं आपल्याला इतकं जड जाईल, असं तिला वाटलं नव्हतं.