ठाणेदाराचा घाम

ट्रेडमिल सुरू झाली. ठाणेदार तिच्यावर बसला आणि विमानतळावरच्या बॅगेसारखा मागे सरकत सरकत टोकावरून खाली घरंगळला. पडल्या पडल्या त्याने कूस बदलली आणि डोळे मिटले.

"उतरलं लगेज," डॉ. रेवती मेश्राम म्हणाल्या आणि त्यांनी बटण बंद केलं.

डॉ. मधुसूदन धकात्यांनाही ठाणेदाराशेजारी, त्या गार फरशीवर आडवं व्हावंसं वाटत होतं. नागपूरच्या बाहेर, वाडीच्या पुढे असलेल्या त्या उष्माप्राणी संशोधन केंद्रात एसी चोवीस तास चालायचा. केंद्राचं काम होतं उन्हाचा अभ्यास, आणि तो अभ्यास सगळे स्वेटर घालून करायचे.

ठाणेदार हा धकात्यांचा लॅब्राडोर. वजन सेहेचाळीस किलो, लिव्हरभोवती चरबी, स्वभाव निवृत्तीला आलेल्या माणसाचा. त्याच्या डॉक्टरांनी परवाच सांगितलं होतं, "रोज चालला नाही तर दिवाळी बघणार नाही. आणि या उन्हात चालवलात तर उद्याचा दिवस बघणार नाही." एवढं सांगून त्यांनी फी घेतली होती.

पूर्वी बरं होतं. पहाटे उठून कुत्र्याला फिरवून आणता यायचं. आता वैशाखात पहाटे चारलाही पारा अडतीसच्या खाली यायचं नाव घेत नव्हता. रात्र नावापुरती उरली होती. अंधार पडायचा, गार व्हायचं नाही. तरी धकाते दोन महिने साडेतीनला उठत होते, दाराबाहेर पडून वाकत होते, तळहाताची मागची बाजू डांबरावर टेकवत होते, चटका बसला की ठाणेदाराला म्हणत होते, "नाही रे बाबा, पाय भाजतील," आणि घरात परत येऊन जागे राहत होते. रेडिओवर दर उन्हाळ्यात 'कुत्र्यांची काळजी' सांगणारे ते हेच धकाते. लोक त्यांचं प्रेमाने ऐकायचे. मग फोन करून आभार मानायचे आणि स्वतः बांधतात तसा कुत्र्याच्या तोंडालाही दुपट्टा बांधून त्याला उन्हात न्यायचे.

"मुळात चूक कुत्र्याच्या बांधणीतच आहे," रेवतीबाई म्हणाल्या. "त्याची जीभ म्हणजे आपला घरचा कूलर. वाळ्याच्या ताट्या ओल्या, हवा गेली की पाणी उडतं, उडताना उष्णता घेऊन जातं. पण एवढ्याशा ताटीवर केवढी खोली गार करायची?"

"सेहेचाळीस किलोची," धकाते म्हणाले.

"आणि आपण बघा. डोक्यापासून पायापर्यंत सगळ्या अंगाला कूलर. घाम. कुत्र्याला घाम फक्त पंजांना येतो, तोही न आल्यासारखा."

"मग त्यालाही सगळ्या अंगाला बसवू."

रेवतीबाईंनी चहाचा कप खाली ठेवला. गेली सहा वर्षं त्या दोघांनी भाजलेल्या रोग्यांसाठी घामग्रंथींचं बियाणं तयार केलं होतं. कातडीखाली टोचायचं, ते रुजतं, ग्रंथी उगवतात. त्याला त्यांनी नाव दिलं होतं घामरोप. उंदरांवर झालं होतं.

"बी कोणाचं?" त्यांनी विचारलं. "बाहेरचा दाता घ्यायचा म्हटला तर नैतिकता समिती दोन वर्षं लावेल."

"माझ्या पाठीचं घ्या. माझ्या पाठीला समिती नाही."

"माणसाची पेशी कुत्र्यात जगवायला तिला ओळखपडदा चढवीन मी. त्याच्या शरीराला ती परकी वाटणार नाही. तो भाग सोपा. अवघड पुढचं आहे, नीट ऐका. घामग्रंथी आयती चालत नाही, ती शिकते. रोज थोडं थोडं ऊन दिलं की दोन आठवड्यांत तरबेज होते. गारव्यात ठेवली की विसरते. फार वर्षं ठेवली तर वाळूनच जाते. आणि पहाटेचं ऊन हे ऊन नाही. त्याला भर दुपारी दोनला बाहेर काढावं लागेल, रोज. सावलीपासून सावलीपर्यंत न्यायचं, धाप थांबेपर्यंत थांबायचं, मग पुढची सावली. धकाते, ऐकताय ना?"

"ऐकतोय."

'पहाटेचं नाही' एवढंच धकात्यांनी ऐकलं होतं. त्यांच्या डोळ्यांपुढे सकाळी नऊपर्यंतची झोप उभी होती.

बी रुजलं. ठाणेदाराच्या अंगाला घाम फुटला आणि धकात्यांच्या घराला कापरं भरलं.

पहिल्यांदा तो सोफ्यावरून उठला तेव्हा सोफ्यावर मिठाचा पांढरा कुत्रा उमटला होता. धकात्यांच्या बायकोने, कुंदाताईंनी, तो पुसला, दुसऱ्या दिवशी परत उमटला. घामाबरोबर मीठ जातं, म्हणून ठाणेदाराला मिठाची ओढ लागली. त्याने गच्चीवर मीठ लावून वाळत घातलेल्या कैऱ्यांच्या फोडी चाटून एकदम कोऱ्या केल्या. घाम केसांत अडकून वाळेना, म्हणून त्याची हजामत केली. हजामत केली तर कातडी पोळायला लागली, म्हणून कुंदाताईंनी आपला गुलाबी दुपट्टा काढला आणि अस्सल नागपुरी पद्धतीने, डोळे तेवढे उघडे ठेवून, त्याचं तोंड बांधून टाकलं.

"रेडिओवर म्हणत होता ना, कुत्र्याला दुपट्टा नको म्हणून," त्या म्हणाल्या.

"तेव्हा त्याला श्वास जिभेवरून घ्यावा लागत होता. आता चालेल."

"मग खिशात कांदा पण देते. लू लागत नाही."

"कांदा कुत्र्याला विष आहे. आणि त्याला खिसा नाही."

कुंदाताईंना मात्र वेगळंच खटकत होतं. एकदा त्या पोळ्या लाटत होत्या. मागे कोणीतरी येऊन उभं राहिल्यासारखं वाटलं. न वळताच त्या म्हणाल्या, "अहो, जरा सरका." ठाणेदार सरकला.

"याला तुमचा वास येतो," त्या रात्रीच्या जेवणाला म्हणाल्या. "तुम्ही तरुणपणी सायकलवरून यायचे ना, तसा. आता तुम्हाला कसलाच वास येत नाही. आणि तुमच्यापेक्षा लवकर ऐकतो."

धकाते वरण कालवत राहिले. माझा नवरेपणा कोणी तरी निम्म्याने वाटून घेत असेल तर घेवो, असं त्यांना वाटलं. त्यांना झोप हवी होती.

आता उरलं दुपारी दोनचं फिरणं. पहिल्या दिवशी ते स्वतः गेले. सुदर्शन सोसायटीच्या फाटकापासून पहिल्या कडुनिंबापर्यंत ठाणेदार पोचला, आणि त्याच्या मागून रांगत म्हणावं असे धकाते. तीस वर्षं एसी घरातून एसी गाडीत, गाडीतून एसी लॅबमध्ये गेलेला माणूस तो. दुसऱ्या दिवशी त्यांनी विज्ञान वापरलं. गाडीत बसले, एसी लावला, काच दोन बोटं खाली केली, त्या फटीतून दोरी बाहेर काढली आणि कुत्र्याच्या चालीने गाडी चालवायला लागले.

फाटकावर चौकीदार सोमाजी आडवा आला. "साहेब, नियम आहे. दोरीच्या दुसऱ्या टोकाला जबाबदार माणूस पाहिजे."

"मी आहे ना."

सोमाजीने फटीतून आत वाकून बघितलं. थंड हवा तोंडावर आली तसा थोडा वेळ तिथेच वाकून राहिला. "आहात," तो म्हणाला. "बसून असावा का उभा, ते नाही लिहिलेलं."

कुत्रा दिवसेंदिवस तल्लख होत गेला. आधी एक कडुनिंब, मग दोन, मग हिंगणा रोड. सावली आली की थांबायचं, श्वास खाली बसला की निघायचं, हे त्याला इतकं अंगवळणी पडलं की धकाते गाडीत डुलकी काढायला लागले. ठाणेदाराचं पोट आत गेलं. डॉक्टरांनी लिव्हर तपासून परत फी घेतली. मग सोसायटीतल्या इतरांनीही आपापल्या पाठीचं बी देऊन आपल्या कुत्र्यांना घामरोप करून घेतलं, आणि दुपारी दोनला मंत्र्यांचे ताफे निघाल्यासारखं दृश्य दिसायला लागलं. पुढे दुपट्टा बांधलेले कुत्रे, मागे एसी.

ज्या दिवशी पारा एकोणपन्नासला गेला, त्या दिवशी बाकीचे ताफे निघाले नाहीत. धकाते निघाले, कारण खंड पडला की ग्रंथी विसरते. सोसायटीपासून चांगलं चार किलोमीटर लांब, गोदामांच्या ओसाड पट्ट्यात, गाडीने एक सभ्य आवाज काढला. पडद्यावर अक्षरं आली, 'बॅटरी तापली आहे. सुरक्षिततेसाठी गाडी बंद होत आहे.' धकात्यांनी फोन काढला. फोन म्हणाला, 'फोन थंड होऊ द्या.' आणि तोही मिटला.

ज्याला त्याला स्वतःची काळजी घ्यायची सोय होती. धकात्यांनाच तेवढी नव्हती.

गाडी पाच मिनिटांत भट्टी झाली, तसे ते बाहेर आले. सवयीने वाकले, तळहाताची मागची बाजू डांबरावर टेकवली आणि झटकली. मग त्यांनी कपाळाला हात लावला. कपाळ कोरडं होतं. काखेत कोरडं, पाठ कोरडी. याचा अर्थ उष्माघात, हे त्यांना कोणी सांगायला नको होतं. तोंड आपोआप उघडलं, जीभ बाहेर आली, आणि उष्माप्राणी संशोधन केंद्राचे वरिष्ठ शास्त्रज्ञ हा हा हा करत धापा टाकायला लागले.

ठाणेदार घामाने न्हाला होता आणि मजेत होता. त्याने मालकाच्या जिभेकडे बराच वेळ बघितलं. असं त्याने पूर्वी कुठेतरी बघितलं होतं. मग तो वळला आणि ओढायला लागला.

दोरीचं कडं धकात्यांच्या मनगटात होतं, म्हणून ते गेले. एका बाभळीखाली ठाणेदार थांबला. धकाते बसायला लागले तसा तो त्यांना टेकून उभा राहिला, पण हलला नाही. धाप जरा कमी झाली, तसा निघाला. पुढे गोदामाचं छप्पर. थांबला. वाट बघितली. निघाला. मध्येच धकात्यांनी त्याच्या तोंडाचा भिजलेला दुपट्टा सोडवून आपल्या डोक्याला गुंडाळला. गार वाटलं. वास ओळखीचा होता. कॉलेजातून सायकल हाणत घरी आल्यावर शर्टाला यायचा, तो.

फाटकावर सोमाजी बर्फाची बादली घेऊन धावला.

"बर्फ नको," धकाते पुटपुटले. "साधं पाणी. पोटावर, तळव्यांवर. पंखा लाव."

"माहीत आहे साहेब, रेडिओवर ऐकलंय." सोमाजी बादली हातात घेऊन घुटमळला. "पण ते कुत्र्यांसाठी होतं."

"तेच कर."

धकाते दवाखान्यातून सुटल्यावर रेवतीबाईंनी त्यांची पाठ यंत्राखाली धरली.

"ग्रंथी वाळल्यात," त्या म्हणाल्या. "मी तुमच्याकडून बी घेतलं तेव्हा त्या निदान झोपलेल्या होत्या. आता एकही जागी होत नाही. तीस वर्षांचा गारवा, धकाते. पुढच्या उन्हाळ्यात एसी एक तास बंद पडला तर तुमचं काय होईल, ते मी सांगायला नको."

"घामरोप करा की मग."

"करू. बी कोणाचं? ओळखपडदा कुत्र्यापुरता आहे; दुसऱ्या कोणाचं बी तुमच्या शरीरात टिकवायला औषधं खावी लागतील जन्मभर. स्वतःचं असतं तर प्रश्न नव्हता. तुमचं स्वतःचं जिवंत, उन्हात तयार झालेलं बी आता जगात एकाच ठिकाणी आहे."

टेबलाखाली ठाणेदार झोपला होता. फरशीवर त्याच्याभोवती मिठाची पुसट रेघ होती. दोघांनी वाकून त्याच्याकडे बघितलं.

"देईल का?" धकात्यांनी विचारलं.

"कैरीची फोड दाखवा. देईल."

ठाणेदाराच्या पाठीतून घेतलेलं बी, ओळखपडदा उतरवून, धकात्यांच्या पाठीत परत रुजलं. पहिल्यांदा कपाळाला घाम आला तेव्हा धकात्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. कुंदाताईंनी जवळ येऊन वास घेतला आणि म्हणाल्या, "आता दोघं सारखेच येता. हाका मारायची पंचाईत."

"एक सांगायचं राहिलं," रेवतीबाई फोनवर म्हणाल्या. "मी तुम्हाला आधी सांगितलं होतं, पण तुम्ही झोपला होता. ग्रंथी आयत्या चालत नाहीत. रोज दुपारी दोनला बाहेर. गाडी नाही, काच नाही. सावलीपासून सावलीपर्यंत. खंड पडला तर परत वाळतील, आणि दर वेळी कुत्र्याकडे मागायला लाज वाटेल."

"किती दिवस?"

"जगायचंय तितके."

दुपारी दोनला धकाते जड पायांनी फाटकावर आले. डोक्याला गुलाबी दुपट्टा, हातात दोरी, दोरीच्या टोकाला ठाणेदार. सोमाजी आडवा आला.

"साहेब, नियम."

"अरे, आता तर मी पायी आहे."

"तेच म्हणतो." सोमाजीने दोघांना खालून वर बघितलं. त्या दिवशी कोण कोणाला घेऊन आलं होतं, ते त्याने स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं होतं. "दुसऱ्या टोकाला जबाबदार पाहिजे."

धकाते वाद घालायला गेले, पण त्यांच्यात तेवढी ताकद नव्हती. सोमाजीने ठाणेदाराच्या पट्ट्यातून आकडा काढला आणि धकात्यांच्या कमरेच्या बेल्टला अडकवला. मनगटातलं कडं सोडवून ते ठाणेदाराच्या दातांत दिलं. ठाणेदाराने ते नीट धरलं आणि फाटक उघडायची वाट बघत उभा राहिला.

धकात्यांनी वाकून तळहाताची मागची बाजू डांबरावर टेकवली. चटका बसला.

ठाणेदाराने मान वळवून त्यांच्याकडे बघितलं. मालकाची जीभ बाहेर आली नव्हती. मग तो निघाला.