सरोवर नगरीतलं पाणी

तुम्ही शेजारचा प्लॉट बघायला आलात, म्हणून सांगते. बसा असे. लाइन यायला वेळ लागेल, कंदील आहे तोवर.

त्या दिवशीही लाइनच गेली होती. पौषातली संध्याकाळ, दिवेलागणीची वेळ. घरात माचिस सापडेना, म्हणून मी शाल गुंडाळली आणि चौकीदाराच्या खोपटाकडे निघाले. मी वर्ध्याच्या एका दवाखान्यात नर्स होते. सगळी नोकरी क्वार्टरमध्ये गेली. लग्न केलं नाही. निवृत्तीनंतर बांधलेलं हे माझं पहिलं घर, आणि या लेआउटमधलंही पहिलंच. बाकी नुसते सिमेंटचे खुंट रोवलेले. संध्याकाळी कुणाशी बोलावं म्हटलं तर एक चौकीदार, तानबाजी.

'सरोवर नगरी' हे नाव मला हौसेचं वाटलं होतं. इथे खरंच तलाव होता, हे राहायला आल्यावर कळलं. आधी टिप्पर यायचे, शहरातला कचरा आणि पाडलेल्या घरांचा मलबा ओतून जायचे. गावाने तक्रारी केल्या, कोणी फिरकलं नाही. काठ बुजला, मग मध्य बुजला, मग वर मुरूम दाबला आणि प्लॉट पडले. तानबाजी त्याच तलावात मासे धरायचे. तलाव गेल्यावर त्याच जागेची राखण त्यांच्या वाट्याला आली.

ते शेकोटीपाशी बसले होते. मुरमावर धुक्याची धुई उतरत होती.

"सिस्टर, तुमी काऊन आल्या? आवाज देला असता तं मीच आलो असतो."

"माचिस हवी होती, तानबाजी."

त्यांनी माचिस दिली, पण नजर वरच. "थांबा जराशा. येऊन राह्यले."

मग मला ऐकू आलं. फार उंचावरून, नाकातून काढल्यासारखा आवाज. एकाने साद घालायची, दुसऱ्याने ओ द्यायची. धुईच्या वर मोठाली बदकं गोल गोल फिरत होती.

"दरसाली येते," तानबाजी हळू बोलले. "पहाडाच्या पलीकडून. खाली पाहते, पाणी दिसत नाई. रातभर वरडते अन् निंघून जाते. माय-बापानं दाखवलेली जागा हाये ना... त्याईले कोन सांगन?"

मला घरी जायला हवं होतं. पण त्या आवाजात असं काही एकटेपण होतं, की पाय उचलेना. रात्रपाळीला वॉर्डात एखादा म्हातारा झोपेत कुणाला तरी हाका मारतो, आणि ते माणूस केव्हाच गेलेलं असतं... तसं.

मग आवाज खाली आला.

पंखांचा वारा माझ्या तोंडावर आला. एक बदक उतरलं... आणि छपाक् झालं. मग दुसरं. मग कितीतरी. धुईत दिसत काही नव्हतं, पण पाणी कापत जाणाऱ्या पाखरांचा आवाज मी लहानपणापासून ओळखते. सडलेल्या कचऱ्याचा वास, जो इथे बारा महिने असतो, तो एकाएकी गेला. ओल्या गाळाचा, शेवाळाचा गार वास आला.

"तानबाजी... हे काय आहे?"

ते उभे राहिले होते. तोंडावर भीती नव्हती. बाहेरगावी गेलेलं लेकरू फाटकाशी दिसावं, तसे बघत होते.

तेवढ्यात आतून एका पाखराची तडफड ऐकू आली. फडफड, मग थांबणं, मग पुन्हा फडफड.

"दोऱ्यात गुतलं," ते म्हणाले. "कचऱ्यातला नायलॉन असन." आणि चपला काढून ते पुढे गेले. मुरमावर पाय वाजायला हवे होते. चुबुक चुबुक असं वाजलं.

"जाऊ नका!"

"खोल नाई, सिस्टर. माहा तलाव हाये हा."

मी त्यांच्यामागे धावले. आणि माझ्या पायांना पाणी लागलं. बर्फासारखं. घोट्यापर्यंत, मग गुडघ्यापर्यंत, लुगडं जड झालं. पुढे धुईत त्यांची पाठ दिसली, कमरेपर्यंत. मग खांदे. मी हात लांब केला, पोचला नाही. फडफड थांबली. एक पाखरू पाण्यावरून धावत उडालं, माझ्या डोक्यावरून गेलं.

"तानबाजी..."

पाण्याची एक मंद लाट माझ्या मांड्यांना येऊन लागली, बस.

मी गावात धावत गेले. माणसं बॅटऱ्या घेऊन आली. कोरडा, टणक मुरूम. शेकोटी जळत होती, चपला होत्या. लोक म्हणाले, पोरीकडे गेले असतील अल्लीपूरला, म्हाताऱ्याचा काय नेम. त्यांच्यातल्या सुलोचनाबाईंनी फक्त माझ्या लुगड्याकडे पाहिलं. मांडीपर्यंत ओलंचिंब. त्यांनी आपलीही शाल माझ्या अंगावर टाकली.

अल्लीपूरला ते पोचलेच नव्हते. लेक इथे येऊन चपला घेऊन गेली.

उन्हाळ्यात समोरच्या प्लॉटवर जेसीबीने पाया खणला. वर मुरूम, खाली विटांचे तुकडे, त्याखाली प्लॅस्टिकचा थर, दाबून चटईसारखा झालेला. तो थर त्याआधी कुठे फाटला नव्हता, हे जेसीबीवाल्याने पोलिसांना परत परत सांगितलं. त्याच्या खाली तलावाचा काळा गाळ. त्या गाळात तानबाजी होते. मुठीत नायलॉनचा दोरा, दातांनी तोडलेला.

शवविच्छेदन करणारे डॉक्टर माझ्या ओळखीचे. मला बाजूला घेऊन म्हणाले, "सिस्टर, माणूस बुडून मेला आहे. फुप्फुसात पाणी आहे, हिरवं शेवाळ आहे. पण कुठल्या पाण्यात?"



समोरच्यांनी बांधकाम सोडलं. मीच राहिले. जाऊ कुठे, माझं दुसरं आहे कोण? आणि खरं सांगू, हिवाळ्यात संध्याकाळी पाखरं उतरली की सोबत वाटते. मी कडी लावून आत बसते, बाहेर पाऊल टाकत नाही.

तुम्ही प्लॉट घ्या, न घ्या. एवढंच बघून जा. आत या, कंदील घ्या. माझ्या खाटेच्या वर, भिंतीवर ही ओली रेघ. परवा खाटेच्या खाली होती. फरशी कोरडी, गादी कोरडी, उशी कोरडी...

आज सकाळी मी उठले, तेव्हा माझे केस ओले होते.