डाव्या हाताचं सारवण

सेलू स्टेशनापासून पाथरीच्या अंगाला कोसभर गेलं, की बसप्पांची दगडी कोठी लागायची. त्यांच्या आजोबांनी हैदराबादच्या एका नवाबाची देवडी पाहून बांधलेली. कमानी, पोर्च, रंगीत काचा, काही म्हणून कमी नव्हतं. फाटकापासून पोर्चपर्यंत मात्र नुसती काळी माती. एवढा पैसा दगडावर ओतणाऱ्या माणसाला वाट तेवढी सुचली नाही, आता काय म्हणावं.

गेल्या भादव्यात त्याच मातीत डॉक्टरच्या गाडीची चाकं आसापर्यंत रुतली. चिखल तुडवत डॉक्टर आत पोचला, तोवर बसप्पांची बायको गौराबाई गेली होती. तेव्हापासून त्या अवाढव्य कोठीत बसप्पा आणि स्वयंपाकाची म्हातारी शांतम्मा, दोघंच. बसप्पा जेवताना समोर अजून एक पाट मांडायला लावायचे आणि त्याच्याकडे न बघता जेवायचे.

आता एकुलती एक लेक, महानंदा, पहिल्या बाळंतपणाला माहेरी येणार होती. मृगाच्या आत वाट पक्की व्हायलाच हवी होती. बसप्पांनी रस्त्याची कामं करणाऱ्या मुंजाजीला बोलावलं.

"कोठीला शहाबादी फरशी शोभंल," बसप्पा म्हणाले.

"शोभंल की. पर बैलाचे खूर सटकतेत, मालक."

"मग खडी टाक."

"खडीवर गाडी लय हादरती. लेकीला सातवा चालू हाय म्हनता. लाल मुरूम टाकू, पाणी मारून ठोकून घेऊ."

मुरूम ठरला. काम संपलं त्या संध्याकाळी करड्या दगडापुढं ती लाल वाट इतकी खुलून दिसली, की कितीतरी महिन्यांनी बसप्पांना बरं वाटलं.

सकाळी उठून बघतात तो पोर्चपासून अर्धी वाट शेणानं सारवलेली.

"शांतम्मा, वाट कोण सारवली?"

"वाट कोन सारवतंय, मालक? माजे तर गुडघेच वाकंनात."

एवढं बोलून ती खाली बघत राहिली. सारवणात बोटांचे अर्धगोल उमटतात. हे सगळे उलटे फिरलेले होते, डाव्या हाताचे. तेव्हा घरात इतके गडी-बाया असताना देवघर आणि ओसरी गौराबाई स्वतःच सारवायची, आणि ती डावरी होती.

बसप्पा शिकलेले, हिशोबी डोक्याचे. कुणाची तरी चेष्टा असणार, म्हणून त्यांनी वाटभर टोकदार खडी पसरून घेतली. लेक यायच्या आधी उचलता येईल. तोवर हिच्यावर हात फिरवून दाखवा म्हणावं.

दुसऱ्या सकाळी खडी सारवलेली होती. गुळगुळीत, थेट फाटकापर्यंत.

मुंजाजीनं घमेली आवरली. "ह्या वाटंला आमचा हात नगं, मालक," म्हणाला आणि गेला.

बसप्पांना भीती वाटायला हवी होती. खोटं कशाला सांगा, त्यांना आनंद झाला. लेकीला धक्का बसू नये म्हणून आईच वाट करायलीय, असं त्यांच्या मनानं घेतलं. त्यांनी खडी तशीच राहू दिली. रोज सकाळी सारवण ओलंच असायचं.

महानंदेला आणायला लिंबाजी गाडीवान बैलगाडी घेऊन स्टेशनावर गेला, त्या दुपारी शांतम्मा दारात येऊन उभी राहिली.

"मालक, बाळंतिणीची खोली म्या सारवली न्हाई."

बसप्पा आत गेले. खोलीभर कोरडी फरशी. भिंतीशी तेवढा सारवणाचा एक वाटोळा ओला ठिपका, मांडी घालून एक माणूस बसेल एवढा.

त्यांच्यात मयताला मांडी घालून बसवतात. उचललं, की तेवढी जागा सारवून घेतात. गौराबाईची जागा शांतम्मानंच सारवली होती.

त्या ठिपक्यापासून ओल उंबऱ्यावरून, पोर्चवरून खाली उतरली होती, फाटकाकडं. येणाऱ्यासाठी असं सारवत नाहीत. नेलेल्याच्या मागं सारवतात.

फाटकाशी घुंगरं वाजली.

बसप्पा अनवाणी धावले. बैलांपुढं आडवे उभे राहिले.

"लिंबाजी, गाडी माघारी वळव."

"अप्पा, काय बोलायलाव तुमी?" महानंदा खाली वाकून म्हणाली. "घरात तरी घ्या मला."

"इथं नगं, बाळ. सासरीच ऱ्हा. शांतम्माला संगं घेऊन जा."

"आई गेली, आता माहेरबी गेलं म्हना की."

मागून आलेल्या शांतम्माला त्यांनी गाडीत चढवलं. गाडी वळली. लेक रडत होती ते लांबपर्यंत ऐकू आलं.

बसप्पा एकटेच परत आले.

एवढ्या उन्हाळ्यातही खोलीतला ठिपका वाळला नव्हता.

"गौरा," ते म्हणाले, "पोरीला सोड. मी बसतो."

भिंतीला पाठ लावून ते मांडी घालून बसले.

जागा बरोबर त्यांच्या मापाची होती. लेकीला ती बरीच मोठी झाली असती.