टेपने खाल्लेलं दीड मिनिट

"आधी आत बसा, मग भांडा," व्हॅनमधला माणूस म्हणाला. "मैदानात उभं राहायला आत्ता परवानगी नाही."

"परवानगी कोण देतं?"

"मीच देतो."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण आपण योग्य माणसासमोर उभ्या आहोत, याची खात्रीही पटली. दोन बस बदलून, पाच तास गुडघे आखडून ती या उघड्या मैदानावरच्या जॅझ महोत्सवाला आली होती. समोर मंच सजला होता. बाराशे खुर्च्या मांडलेल्या होत्या आणि त्या बाराशेही रिकाम्या होत्या. कारण चारला दहा कमी असताना या इसमाला कुठेतरी ढग गडगडल्याचं ऐकू आलं, आणि त्याने सगळ्या श्रोत्यांना उचलून शेजारच्या शाळेच्या व्यायामशाळेत कोंबलं. डोक्यावर आकाश धुतलेल्या ताटासारखं लख्ख होतं.

ती आत चढली आणि दार धाडकन लावलं. व्हॅनमध्ये दोनच सीट, मागे वाऱ्याचा वेग मोजायच्या वाट्या आणि तारांची भेंडोळी. स्टिअरिंगमागे हवामान खात्याचं जाकीट घातलेला तिशीचा माणूस होता. समोरच्या फळीवर स्वयंपाकघरात अंडी उकडताना लावतात तसलं चावीचं छोटं घड्याळ, त्याचं तोंड त्याच्याकडे आणि पाठ तिच्याकडे.

"ढग कुठे आहे, दाखवा," ती म्हणाली.

"डोंगरापलीकडे."

"मला दिसत नाही, आणि माझे डोळे चांगले आहेत. मी चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासते. तुमचेही तपासून घ्या एकदा."

"दुकान कुठे आहे?"

"का?"

"तपासून घ्यायला म्हणालात ना..."

असल्या माणसाला काय म्हणावं, हे तिला सुचेना. मनातल्या मनात तिने त्याचं नाव ढगोबा ठेवलं, तेवढंच समाधान.

ढगोबाने नियम सांगितला. वीज दिसली किंवा गडगडाट ऐकू आला की भोंगा वाजवून मैदान रिकामं करायचं आणि घड्याळ तीस मिनिटांवर लावायचं. तीस मिनिटं शांततेत गेली, तर कार्यक्रम सुरू. मध्येच पुन्हा काही दिसलं, तर पुन्हा पहिल्यापासून तीस. सव्वाचारला असंच झालं होतं. चोवीस मिनिटं भरली असताना ढग गुरगुरला, आणि सगळं पाण्यात गेलं.

"म्हणजे आता पावणेपाच."

"वीज चमकली नाही तर."

"चमकायची नाही," तिने बजावलं, जणू ते त्याच्याच हातात होतं. "सहाला घाटाखाली, माझ्या गावाकडे जाणारी शेवटची बस आहे. म्हातारा तासभर वाजवतो आणि ती सावकाश धून सगळ्यात शेवटी घेतो. पावणेपाचला सुरू झालं, तर शेवट ऐकून मी धावत स्टँड गाठू शकते. उद्या सकाळी नऊला दुकान उघडायचं, आणि किल्ली..." तिने पर्समधून किल्ली काढून त्याच्या नाकासमोर नाचवली. "किल्ली ही इथे."

"एका धुनेसाठी पाच तास प्रवास?"

"एका धुनेसाठी नाही. दीड मिनिटासाठी."

सांगायचं नव्हतं, पण रागात तोंडाला कुलूप राहत नाही. तिला आत्याने वाढवलं होतं. आत्याकडे या म्हाताऱ्या ट्रम्पेटवाल्याची एक कॅसेट होती. धून संपत आली की ट्रम्पेट हळूहळू वर चढायचा, अगदी वरच्या पायरीवर जाऊन थांबायचा... आणि नेमकी तिथेच मशीनने पहिल्याच वेळी टेप खाल्ली होती. पुढचं दीड मिनिट गेलं ते गेलंच. म्हाताऱ्याने ती धून परत कधी ध्वनिमुद्रित केली नाही. वीस वर्षं आत्या आणि भाची त्या पायरीपर्यंत ऐकत आणि लटकत राहत. आत्या दर वेळी म्हणायची, "पुढचं देवाला ठाऊक." आता आत्याचे गुडघे गेले होते आणि हा म्हाताऱ्याचा शेवटचा दौरा होता. निघताना आत्याने बजावलं होतं, "शेवट ऐकून ये गं, आणि मला गुणगुणून दाखव."

 ढगोबाने थर्मासमधली कॉफी झाकणात ओतून तिच्यापुढे धरली.

"लाच देताय?"

"थंड झालीये. लाच म्हणून चालणार नाही."

ती हसली नाही. हसू आलं होतं, ते कॉफीबरोबर गिळलं.

"तुम्हाला माहितीये, तिकडे व्यायामशाळेत लोक तुम्हाला काय काय म्हणताहेत?"

"कल्पना आहे. दर वर्षी म्हणतात." तो काचेतून डोंगराकडे बघत होता. "पहिल्या वर्षी मीही लोकांचं ऐकलं होतं. दहा मिनिटं आधीच हो म्हणालो. कडेच्या झाडाखाली एक बाई उभ्या होत्या... वाचल्या. पण त्यांचा उजवा हात अजून उचलत नाही. दर वर्षी मला पत्र पाठवतात. डाव्या हाताने लिहायला शिकल्या, अक्षर आता माझ्यापेक्षा बरं आहे."

तिने कॉफीचं झाकण फळीवर ठेवलं. मग म्हणाली, "हे लोकांना का नाही सांगत?"

"काय सांगू? मला शिव्या घालू नका, मी पूर्वी चुकलोय म्हणून?"

"मग निदान त्या शिव्या एकट्याने खाऊ नका. शेजारी कुणीतरी बसवा."

"बसलंय की," तो म्हणाला.

आणि ती हसली. त्याच्याकडे बघून, पहिल्यांदाच, आणि तिचा इलाज चालला नाही. कान गरम झाले म्हणून तिने तोंड खिडकीकडे फिरवलं. मनगटावर चार चव्वेचाळीस झाले होते. एकच मिनिट.

तेवढ्यात डोंगराच्या डाव्या कुशीत पांढरी रेघ उमटली. बारीकशी, पापणी लवावी इतकीच. आवाज नाही, काही नाही.

तिने चटकन त्याच्याकडे बघितलं. तो खाली मान घालून वहीत काही लिहीत होता. कुठेतरी किर्र असं बारीक वाजलं, पण तिचं लक्ष नव्हतं.  त्याने पाहिलं नाही. कुणीच पाहिलं नाही. बोलली नाही तर मिनिटभरात परवानगी मिळेल, म्हातारा मंचावर येईल, धून, शेवट, बस, किल्ली... सगळं जागच्या जागी बसेल. वीस वर्षांनी हातातोंडाशी आलेला घास. आणि एवढीशी ती रेघ, कोसभर दूर.

झाडाखालची बाई तिने कधी पाहिली नव्हती. तरी डाव्या हाताने लिहिलेलं ते अक्षर डोळ्यांपुढून हलेना.

"दिसली," ती म्हणाली, इतक्या संतापाने की जणू तिच्या घरात चोरी झाली होती. "डोंगराच्या डावीकडे. घ्या, फिरवा तुमचं घड्याळ. मेलं ते घड्याळ आणि मेला तो नियम."

त्याने वही मिटली. हळूच घड्याळाचं तोंड तिच्याकडे वळवलं. काटा एकोणतीसवर होता.

तिला समजायला क्षणभर लागला. ते किर्र... "तुम्ही पाहिली होती."

"हो."

"आणि घड्याळ फिरवलंसुद्धा. मग सांगितलं का नाही? मी इथे मिनिटभर स्वतःशी भांडत बसले, आणि तुम्ही... परीक्षा घेत होता माझी?"

"नाही हो." तो पहिल्यांदाच गडबडला. "बाराशे लोकांना नाही म्हणायला मला काही वाटत नाही. सवय आहे. पण तुम्ही नुकत्याच हसला होतात, आणि तुम्हाला सांगायचं म्हटल्यावर... तोंडच उघडेना. एक मिनिट उशीर झाला. नोकरीत पहिल्यांदा."

यावर रागवावं की काय करावं, हे तिला कळेना, म्हणून ती रागावलीच. त्याने माईकवरून निरोप पाठवला. व्यायामशाळेतून बाराशे घशांचा हुर्यो आला. तिने काच खाली केली आणि त्या दिशेला ओरडली, "गप्प बसा जरा, कारण असतं माणसाला." मग काच वर करून म्हणाली, "तुम्हाला नाही, त्यांना."

सव्वापाचला कार्यक्रम सुरू झाला. ती पाचव्या रांगेत बसली. म्हातारा बुटका, मळकी टोपी घातलेला. पहिला सूर लावला आणि मैदानभरचा राग मावळला. तिचा मात्र शाबूत होता. सहा वाजले तेव्हा मैदानापलीकडच्या रस्त्यावरून तिची बस गेली. तिने बसच्या मागच्या काचेकडे बघितलं, मांडीवरच्या किल्लीकडे बघितलं आणि जागची हलली नाही. आता बसपायी हे अर्धवट सोडलं, तर आत्याला तोंड कसं दाखवायचं?

सहा वाजून पाच मिनिटांनी ती धून सुरू झाली. तीच. ट्रम्पेट एकेक पायरी वर चढू लागला. श्वास रोखून ती थांबली. शेवटची पायरी आली, ट्रम्पेट तिथे टेकला...

आणि भोंगा वाजला.

तिने मान वळवली. ढगोबा व्हॅनबाहेर उभा राहून दोन्ही हातांनी सगळ्यांना आत जा, आत जा असं खुणावत होता. तिला रडू कोसळलं, तेही चिडून. टेपनेही इथेच खाल्लं होतं आणि याने पण इथेच. मैदानभर खुर्च्या आपटल्या, लोक पळाले. ती व्यायामशाळेच्या दारात पोचते न पोचते तोच पश्चिमेला आभाळ फाटल्यासारखा कडकडाट झाला आणि पावसाची भिंतच खाली आली. मंचामागच्या खांबावर वीज पडली. प्रकाशझोत फटाफट विझले. व्यायामशाळेत बाराशे माणसं एकदम मुकी झाली, आणि घटकेपूर्वी शिव्या देणाऱ्या एका गृहस्थांनी टोपी काढून हातात घेतली.

म्हातारा तिच्यापासून चार हातांवर दोरउड्यांच्या टोपलीशेजारी उभा होता. टोपीतून पाणी निथळत होतं आणि चेहऱ्यावर घोर अपमान होता. "अर्धवट सोडून मी कधी जेवायलासुद्धा उठलो नाही," तो पुटपुटला. ट्रम्पेट झटकला, डोळे मिटले, आणि माईक नाही, साथ नाही, पत्र्यावर पाऊस वाजत असताना त्याने त्या वरच्या पायरीवरूनच पुढे सुरू केलं.

दीड मिनिट. तिला वाटायचं, तो सूर आणखी वर जाईल. तो खाली आला. एकेक पायरी, घाई न करता, घरी परतल्यासारखा, आणि जिथून धून सुरू झाली होती तिथे येऊन बसला.

टाळ्या थांबल्यावर दार उघडलं. ढगोबा एका आजोबांना आणि त्यांच्या घडीच्या खुर्चीला ओढत आत आला. बाहेर आता कुणी उरलं नव्हतं. त्याच्या जाकिटातून पाण्याचे ओघळ लागले होते.

"संपलं?" त्याने विचारलं.

"संपलं. सगळ्यांना आत घालायचं आणि आपण भिजत राहायचं, ही कुठली रीत?" तिने रुमाल त्याच्या हातात कोंबला. "वीज तुम्हाला ओळखते वाटतं? एवढी कसली घमेंड?"

"कसा होता शेवट?"

 तिने ओठ घट्ट मिटून घेतले, नाहीतर तो सूर बाहेर पडला असता.

"तुमची बस गेली," तो रुमालाने कपाळ पुसत म्हणाला. "माझी गाडी तुमच्याच गावाकडे जाते."

"तुमचं ऑफिस कुठे आहे?"

"उलट्या दिशेला."

तेवढ्यात तिचा फोन वाजला. आत्या होती. "ऐकलास का गं शेवट?"

"ऐकला. पण फोनवर नाही सांगायची. घरी येते, मग गुणगुणते." ती जरा थांबली. "आत्या... माझ्याबरोबर एकजण येताहेत. त्यांनीही शेवट ऐकलेला नाही. एकदाच गुणगुणणार आहे मी, दोघांनी मिळून ऐका."

"मैदानात असून ऐकला नाही? मग करत काय होता तो?"

तिने त्याच्याकडे बघितलं. तो दारापाशी ओणवा होऊन त्या आजोबांची खुर्ची उघडून देत होता.

"बाहेर उभा होता," ती म्हणाली. "सगळे आत येईपर्यंत."



"बरं," पलीकडून आत्या म्हणाली. "त्याला म्हणावं, गाडी हळू चालव. वीस वर्षं थांबलेय, आणखी एक रात्र थांबेन."