चढावरची चार मिनिटं

ताईच्या गाडीत मोठं टर्बो बसवून झालं आणि त्यानंतर तीन आठवडे आम्ही तिघं वाद घालत बसलो. विषय एकच. इंजिनसाठी कॉम्प्युटर कुठला घ्यायचा?

तिघं म्हणजे मी, ताई आणि डॉक्टर. डॉक्टर काही खरे डॉक्टर नव्हेत. गाड्यांची इंजिनं जुळवून देतात. इंजिनाला स्टेथोस्कोप लावून ऐकत बसायची सवय, म्हणून सगळे त्यांना तेच म्हणतात. ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. पार्सलची व्हॅन चालवते, पण जीव सगळा चढाच्या शर्यतींत. आणि मी प्रयोगशाळांमधले तापमापक, दाबमापक तपासून देतो. आकडा जुळला नाही की मला घास गोड लागत नाही.

टर्बो म्हणजे इंजिनात हवा कोंबणारा पंखा. हवा जास्त गेली की पेट्रोलही त्याच मापात जास्त जायला हवं, आणि ते माप कॉम्प्युटर ठरवतो. पेट्रोल कमी पडलं तर इंजिन आतून भाजून निघतं. हे मी पुस्तकात वाचलं नव्हतं. दोन वर्षांपूर्वी मीच हट्ट धरून एक छोटी पेटी लावायला लावली होती, मूळ कॉम्प्युटरला खोटे आकडे सांगून फसवणारी. भर चढावर पिस्टन वितळला. गाडी कठड्याला घासत थांबली. ताईला खरचटलंही नाही, पण तिने शर्यती सोडल्या. मला मात्र एका शब्दाने बोलली नाही. ते न बोलणंच जास्त लागलं.

म्हणून या वेळी मी ताकही फुंकून पीत होतो.

"मूळच्याच कॉम्प्युटरमध्ये नवे आकडे भरून घेऊ," मी म्हणालो.

"त्याची कुवत संपली हो," डॉक्टर म्हणाले. "एवढी हवा मोजायला त्याच्याकडे जागाच नाही."

"मग ती पेटी, पण चांगल्यातली—"

"पेटीचं नाव काढलंस तर बघ," ताई म्हणाली. आवाज चढवला नव्हता.

शेवटी स्वतंत्र कॉम्प्युटर घ्यायचं ठरलं. नवाकोरा, सील केलेला. खोका मीच फोडला. आतला तक्ता रिकामा होता, सोळा गुणिले सोळा, दोनशे छप्पन्न चौकटी. प्रत्येक वेगाला आणि प्रत्येक दाबाला किती पेट्रोल द्यायचं, तो आकडा त्या-त्या चौकटीत डॉक्टरांनी भरायचा.

गॅरेजच्या मागच्या खोलीत जमिनीत रूळ बसवलेले आहेत. गाडीची चाकं त्यांवर फिरतात आणि गाडी जागच्या जागी धावते. सकाळी आठला सुरुवात केली. ताई ॲक्सिलरेटरवर, डॉक्टर लॅपटॉपवर आणि मी माझा तापमापक घेऊन बॉनेटपाशी. तापलेल्या रबराचा आणि तेलाचा वास, भिंतीला लावलेला मोठा पंखा, आणि मधूनमधून डॉक्टरांचं "हं... अजून जरा." बारा वाजून पन्नास मिनिटांनी निम्मा तक्ता भरून झाला. वरच्या दाबाच्या सगळ्या चौकटी कोऱ्या होत्या. खरा धोका तिथेच असतो. "पोटात काही गेल्याशिवाय त्याला हात लावायचा नाही," डॉक्टर म्हणाले.

गाडीची किल्ली ताईने पर्समध्ये टाकली. खोलीला डॉक्टरांनी कुलूप लावलं. आम्ही समोरच्या खानावळीत काचेजवळ बसून जेवलो. तिथून गॅरेजचं दार दिसतं. कुणी आत गेलं नाही.

दोनला परत आलो तर तक्ता भरलेला होता.

"साहेब, तुम्ही काही केलंत का?" डॉक्टरांनी मला विचारलं.

"मी तुमच्याशेजारीच तर बसलो होतो."

कॉम्प्युटर प्रत्येक फेरीची नोंद ठेवतो. त्यात एक फेरी जास्तीची होती. एक वाजून दहा मिनिटांनी सुरू, सव्वीस मिनिटांची. मी इंजिनाला तापमापक लावला. एक्केचाळीस. सव्वीस मिनिटं चालून गेलेलं इंजिन इतक्यात एवढं निवत नाही. म्हणजे ते चाललं नव्हतं. नोंदीत मात्र तापमान नव्वद होतं.

डॉक्टरांनी एकेक चौकट तपासली. साडेपाच वाजले. मग त्यांनी चष्मा काढला.

"आठ दिवस घासत बसलो असतो तरी मला इतका नेमका तक्ता जमला नसता," ते म्हणाले. "पण तो भरला कुणी ते कळल्याशिवाय मी सही करणार नाही. म्हणाल तर पुसतो, उद्या पुन्हा भरतो."

"पुसा," मी म्हणालो.

ताई नोंदीतला वेगाचा आलेख बघत होती. वर-खाली जाणाऱ्या त्या रेषेवर तिने बोट ठेवलं आणि हळूहळू पुढे सरकवलं.

"हा आपला चढ आहे," ती म्हणाली. "हे पहिलं आंधळं वळण. इथे दुसरा गिअर. हा पूल. चालवणाऱ्याचा हात किती हलका आहे बघ."

"आणि हे काय?"

बाराव्या मिनिटाला रेषा शून्यावर आली होती. चार मिनिटं गाडी उभी होती, इंजिन सुरू. मग पुन्हा चढाला लागली होती.

"तिथे तर सरळ रस्ता आहे," ताई म्हणाली. "थांबण्यासारखं काही नाही."

मी पुन्हा म्हणालो, पुसा.

"मागच्या वेळी तुझं ऐकलं होतं," ताई म्हणाली. दोन वर्षांत पहिल्यांदाच. म्हणाली, तेही हसून. तक्ता तसाच राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं निघालो. लॅपटॉप माझ्या मांडीवर. ऊन कोवळं होतं, रस्ता कोरडा. आणि गाडी... खोटं कशाला बोलू, असं इंजिन मी आयुष्यात अनुभवलं नव्हतं. कुठे अडखळणं नाही, धक्का नाही, पाय दाबला की गाडी आपणहून वर ओढली जायची. सगळे आकडे जिथल्या तिथे. ताईच्या खांद्यांतला ताण उतरला होता. पुलावर ती चक्क गुणगुणत होती. बाजूला बसून मीही उगाच हसत होतो.

बाराव्या मिनिटाला तिने गाडी कडेला घेतली.

"का थांबलीस?"

"इथे थांबायचंय ना."

डाव्या हाताला बुटका कठडा. खाली दरी. उजवीकडे खडक, त्याच्या फटीत वाळलेलं गवत. रस्ता सरळ, रिकामा. इंजिन हलकेच घुमत होतं. ताई हात मांडीवर ठेवून शांत बसली होती, कुणाची वाट बघताना बसावं तशी. मी घड्याळ बघत होतो.

दरवाजा उघडला नाही. दरवाजाचा दिवाही लागला नाही. मी त्या दिव्याकडेच बघत होतो.

चार मिनिटांनी ताईने आरशात पाहिलं आणि गाडी चढाला घातली.

माथ्यावर झाडाखाली गाडी उभी करून आम्ही थर्मासमधला चहा प्यायलो. वारा छान होता. ताईने पुढच्या महिन्यातल्या शर्यतीचा विषय काढला. नाव देते म्हणाली. मला भरून आलं. ते लपवायला मी लॅपटॉप उघडला.

आजची नोंद कालच्या नोंदीवर ठेवली. तंतोतंत. एक गोष्ट मात्र काल आमच्या नजरेतून सुटली होती. थांब्याच्या आधी आणि नंतर चढ सारखाच आहे, तरी नंतर इंजिनाला जास्त जोर लागला होता. दोन्ही नोंदींत. मी तीन वेळा हिशेब केला. फरक साधारण पन्नास किलो वजनाचा होता.

ताईला सांगितलं. तिने कपातला शेवटचा घोट घेतला.

"बरं," ती म्हणाली. "चल, उतरायला लागू."

गाडीत बसलो. तिने पट्टा लावला, आरसा किंचित खाली केला आणि मायेच्या सुरात म्हणाली, "अरे, तुझी सीट जरा पुढे घे ना. मागे पाय अवघडतात."

मागची सीट रिकामी होती.

मी वाकून सीटखालची दांडी ओढली.

मी जोर लावायच्या आधीच सीट पुढे सरकली.